न्यूट्रल तुटला, टीव्ही गेला, आणि एका शिक्क्यासाठी चार खेपा

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर एक गोल शिक्का, खाली तारीख आणि सही. याला पोच म्हणतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आमच्या वीज कार्यालयातून ती पोच मिळवायला मी चार खेपा घातल्या, तरी ती मिळाली नाही. या गोष्टीला वर्ष होऊन गेलं, पण त्या खिडकीपाशी उभं राहिल्याचं आठवलं की अजून छाती भरून येते रागानं. म्हणून सगळं लिहून ठेवते आहे. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. वळीव आला होता, वारा जोराचा. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला दिवाणखान्यातला दिवा एकदम लख्ख झाला. इतका, की सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरला. पंख्याचा आवाज बदलला. मी टीव्ही बंद करायला रिमोट शोधायला लागले, आणि तिथेच चुकलं. दिवे असे अचानक जास्त उजळले की बाकी काही न करता मेन स्विच खाली ओढायचा. रिमोटनं टीव्ही बंद केला तरी आतल्या सप्लायला वीज चालूच असते. मला रिमोट सापडेपर्यंत टीव्हीच्या मागून फट्‌ असा आवाज आला आणि स्पाइक गार्डमधून, म्हणजे विजेचे झटके अडवणाऱ्या प्लगच्या पट्टीतून, धूर निघाला. मग मी धावत जाऊन मेन पाडला.

शेजारच्या काकूंकडे त्याच वेळी दिवे मिणमिणत होते. तेव्हा आम्हाला त्याचा अर्थ कळला नाही. एका घरात दिवे भगभगतात आणि शेजारच्या घरात मंद होतात, ही न्यूट्रल तुटल्याची खूण आहे. आपल्या घरी एक फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, येतो, त्यांच्यामध्ये २३० व्होल्ट. पण डीपीवरून, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज निघालेले असतात आणि कुठल्याही दोन फेजांमध्ये ४०० च्या आसपास व्होल्ट असतात. न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट आपसात वाटले जातात. ज्या फेजवर कमी उपकरणं चालू, तिथल्या घरांना जास्त दाब, म्हणजे जास्त व्होल्टेज. त्या रात्री लाइनमन भाऊंनी मीटरपाशी मोजलं तेव्हा आमच्याकडे ३४० दाखवत होतं आणि काकूंकडे ११८.

टीव्ही गेला, सेटटॉप बॉक्स गेला, वायफायचा अडॅप्टर गेला, चार एलईडी बल्ब गेले. वॉशिंग मशीन चालू नव्हतं, पण भिंतीवरचं बटण चालूच राहिलं होतं. त्याचा पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, जळला. मिक्सरचं बटण बंद होतं, त्याला काही झालं नाही. फ्रीज वाचला तो जुन्या स्टॅबिलायझरमुळे, त्यात जास्त दाबाला पुरवठा तोडायची सोय होती. सगळं मिळून १६,८३० रुपयांचा फटका. टीव्ही चौदा महिन्यांचा होता, जादा पैसे भरून वॉरंटी वाढवलेली होती, पण व्होल्टेजनं झालेलं नुकसान त्यात धरत नाहीत. घराच्या कर्जासोबत घेतलेला विमा होता, त्यातही विजेच्या दाबानं खुद्द उपकरण जळलं तर ते वगळलेलं निघालं. तुमच्या पॉलिसीतलं ते कलम आजच वाचून घ्या. घराला आग लागली तर विमा कामाला येतो, पण ज्या यंत्रात बिघाड झाला त्या यंत्राचे पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत.

राहिली वीज कंपनी. न्यूट्रल त्यांच्या खांबावरचा, त्यांच्या डीपीवरचा. सांभाळायची जबाबदारी त्यांची.

मी सोमवारी सकाळी भरपाईचा अर्ज घेऊन शाखा कार्यालयात गेले. दोन प्रती, सोबत वीजबिलाची झेरॉक्स, जळालेल्या स्पाइक गार्डचे फोटो. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, “साहेब साइटवर आहेत, अर्ज ठेवून जा ताई, आले की देतो.” मी पोच मागितली. “साहेबांच्या सहीशिवाय पोच नाही.” शाळेत पहिला तास होता, मला थांबणं शक्य नव्हतं. मी अर्ज ठेवून आले. पोच न घेता अर्ज कुठेही ठेवू नका.

चार दिवसांनी गेले तर अर्ज सापडेना. टेबलावर नाही, फायलीत नाही. मी नवीन लिहिला, तिथेच बाकावर बसून. या वेळी साहेब होते. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी विजा किती कडाडत होत्या. वीज पडली असेल कुठे तरी. निसर्गापुढे आपण काय करणार?” मी सांगितलं, विजेचा झटका क्षणात येऊन जातो, आमच्याकडे दिवे मेन पाडेपर्यंत भगभगत होते, आणि तुमच्याच माणसानं ३४० व्होल्ट मोजलेत. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. “त्या तारखेला तुमच्या डीपीची एकही तक्रार नोंद नाही. तक्रारच नाही, तर न्यूट्रल तुटला असं आम्ही कशावरून म्हणायचं?”

आणि हे खरं होतं. त्या रात्री आमच्या गल्लीतल्या कुणीही कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन केला नव्हता. सगळ्यांकडे लाइनमन भाऊंचा मोबाईल नंबर आहे. तो माणूस भला आहे, भर पावसात खांबावर चढला, तासाभरात काम करून गेला. आम्ही त्याला चहा दिला. पण कागदावर ती रात्र घडलीच नव्हती. हे मला सगळ्यांत जास्त कळकळीनं सांगायचं आहे: लाइनमन ओळखीचा असला तरी आधी टोल फ्रीला किंवा ॲपवर तक्रार करा आणि नंबर घ्या. एसएमएस येतो, तो जपून ठेवा. त्या एका नंबरानं माझे पुढचे तीन महिने वाचले असते.

मी लाइनमन भाऊंना विचारलं, लिहून द्याल का? ते खाली बघत राहिले. ते कंत्राटी आहेत. मी पुन्हा विचारलं नाही.

तिसरी खेप उपविभाग कार्यालयाची. एसटीनं पाऊण तास, अर्धी रजा टाकून. तिथे सांगितलं, अर्ज शाखेतूनच वर यायला पाहिजे, थेट घेता येत नाही. कुठल्या नियमानं, ते कुणी दाखवलं नाही. बाईमाणूस एकटी आली की उत्तरं तुटक मिळतात, हा अनुभव तिथे आला आणि तो मी विसरणार नाही.

चौथ्या वेळी मी एकटी गेले नाही. गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या घेतल्या, प्रत्येकानं आपलं काय जळलं ते ग्राहक क्रमांकासह लिहिलं. शेजारच्या काकू आणि वरच्या आळीतले निवृत्त तलाठी काका सोबत आले. काकांनी आयुष्यभर आवक-जावक सांभाळलेली, त्यांनी खिडकीत जाऊन सरळ विचारलं, “आवक रजिस्टर कुठंय? त्यात चढवा आणि नंबर टाका, सही कुणाची का असेना.” तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांनी जे सांगितलं ते निदान खरं होतं. ते म्हणाले, “काका, पोच दिली की जबाबदारी येते.”

जबाबदारी येते म्हणूनच तर ती हवी होती.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, इथे भांडू नकोस, पोस्टात चल. त्याच दिवशी तो अर्ज पोचपावतीसह रजिस्टर पोस्टानं पाठवला. एक प्रत शाखेला, एक उपविभागाला. सहाव्या दिवशी गुलाबी पोचपावती घरी परत आली, आणि तिच्यावर शाखा कार्यालयाचा गोल शिक्का, तारीख, सही, सगळं होतं. चार खेपांत मला जे नाकारलं ते पोस्टमनला दारातच मिळालं. ती पावती हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. तेव्हा मला रडू आलं, हे लपवत नाही.

दुसरा कागद काकांनीच सुचवला. माहितीच्या अधिकारात अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. “नुकसान कसं झालं ते सांगा” असं विचारायचं नाही, कारण कारणमीमांसा त्यात मिळत नाही; जे कागद त्यांच्याकडे आहेत तेच मागायचे. आम्ही मागितलं: अमुक डीपीवर त्या तारखेला आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या कामाची नोंद, वापरलेल्या साहित्याची नोंद, आणि त्या डीपीच्या अर्थिंगची शेवटची तपासणी कधी झाली त्याचा कागद. मुदत ३० दिवसांची असते. सत्ताविसाव्या दिवशी दोन पानं आली. पहिल्या पानावर त्या रात्रीची वेळ आणि पुढे लिहिलेलं, “न्यूट्रल जंपर व लग बदलला.” म्हणजे न्यूट्रलची जोडतार आणि तिचं टोक बदललं, हे त्यांच्याच कागदावर होतं. अर्थिंग तपासणीच्या रकान्यात “अभिलेख उपलब्ध नाही.”

सर्व्हिस सेंटरच्या माणसाकडूनही लेखी घ्या. आमच्याकडे आलेल्या मुलानं जॉब शीटवर “जास्त व्होल्टेजमुळे सप्लाय बोर्ड व मेन बोर्ड खराब” असं लिहून सही दिली. जळालेले बोर्ड त्याला परत नेऊ दिले नाहीत, पिशवीत बांधून ठेवलेत.

हे सगळे कागद जोडून प्रकरण ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे दिलं आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४२(५) प्रमाणे प्रत्येक वितरण कंपनीला असा मंच ठेवावाच लागतो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं, वकील लागत नाही. एक सुनावणी झाली, कंपनीला म्हणणं मांडायला मुदत मिळाली. पैसे अजून मिळालेले नाहीत. पण पोस्टानं पाठवलेला तो अर्ज पोचल्यावर महिन्याभरात आमच्या डीपीला नवीन अर्थिंगचा खड्डा झाला आणि न्यूट्रलची वायर बदलली. अकरा घरांना त्याचा उपयोग आहे.

आता घरात काय बदललं ते.

मी आधी दुकानातून पुन्हा तसाच स्पाइक गार्ड आणायला निघाले होते. आमच्या वायरमन दादांनी जळालेला गार्ड फोडून दाखवला. आत एक काळी पडलेली चपटी गोळी होती, तिला एमओव्ही म्हणतात. अशा बहुतेक गोळ्या २७५ व्होल्टपर्यंत गप्प बसतात, त्यावर दाब गेला की जादा वीज स्वतःतून वाहून नेतात. आभाळातल्या विजेचा झटका सेकंदाच्या अगदी छोट्या हिश्शात येऊन जातो, त्याला ती पुरते. ३४० व्होल्ट मिनिटभर टिकले तर ती तापते आणि जळते, मागचा टीव्हीही जातो. म्हणजे मी ज्याच्या भरवशावर होते ते साधन या संकटासाठी नव्हतंच. स्पाइक गार्ड असूनही टीव्ही कसा गेला, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

टिकून राहणाऱ्या जास्त दाबासाठी वेगळं साधन आहे: ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. मेन एमसीबीच्या पुढे बसतो, समोर आकडा दिसतो, दाब ठरवलेल्या हद्दीबाहेर गेला की अख्ख्या घराचा पुरवठा तोडतो. आमचा ६३ अँपिअरचा, १,४०० रुपयांना पडला. वरची हद्द २६० ठेवली आहे, खालची १७०, आणि पुरवठा ठीक झाल्यावर तीन मिनिटं थांबून परत जोडतो, म्हणजे फ्रीजच्या कॉम्प्रेसरला त्रास होत नाही. विजांच्या झटक्यांसाठी बोर्डात टाइप २ चा एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) बसवला. त्याच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की तो बदलायचा. त्याच्या वायरी जितक्या आखूड तितकं चांगलं, दादांनी अर्ध्या मीटरच्या आत ठेवल्या.

पण एसपीडी जादा वीज अर्थिंगमध्येच सोडतो, आणि आमच्याकडे अर्थिंगच नव्हतं! जुन्या वायरमननं हिरवी वायर न्हाणीघरातल्या लोखंडी नळाला बांधली होती. पाच वर्षांपूर्वी आम्ही नळकाम प्लास्टिकच्या पाइपचं केलं, त्या दिवशी घराचं अर्थिंग तुटलं आणि कुणालाच कळलं नाही. तुमच्याकडे नळ बदलले असतील तर हे आधी तपासून घ्या. परसात खड्डा काढून पाइप, कोळसा, मीठ घालून नवीन अर्थिंग केलं. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतते.

एक राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. न्यूट्रल गेला की काही जण घरच्या अर्थिंगवरून न्यूट्रल घेऊन दिवे लावून देतात. कधीही करू देऊ नका. फ्रीज, गीझर, मशीन यांच्या पत्र्यात वीज उतरू शकते. काकूंकडे त्या रात्री कुणीतरी हेच सुचवलं होतं.

विजा चमकायला लागल्या की प्लगबरोबर डिशची केबलही सेटटॉप बॉक्समधून काढते, कारण झटका गच्चीवरून त्या वाटेनंही येतो. फोनवर पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं दामिनी ॲप ठेवलं आहे, आसपास वीज पडत असली की ते कळवतं. आणि एसीवर “स्टॅबिलायझरची गरज नाही” असं लिहिलेलं असलं तरी त्यालाही हद्द असते, ती पुस्तिकेत बघा.

मागच्या महिन्यात रात्री नऊला टक्‌ असा आवाज आला आणि घर अंधारलं. बोर्डावर आकडा लुकलुकत होता, २८७. बाहेर कुणीतरी लाइनमन भाऊंचा नंबर लावत होतं. मी आधी टोल फ्री लावला, ग्राहक क्रमांक सांगितला, डीपीचं नाव सांगितलं. सासूबाईंनी बॅटरी धरली आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनात, तक्रारीचा नंबर लिहून घेतला.