चेनचं तेल नेमकं कुठे जायला हवं

सायकलची चेन करकरायला लागली की बहुतेक जण वरून तेलाची धार सोडतात. आवाज थांबतो, पण थोड्याच दिवसांत चेन काळीकुट्ट होते. खरं तर तेल हवं असतं रोलर आणि त्याच्या आतल्या पिनेच्या मधल्या फटीत. चेनच्या बाजूच्या पट्ट्यांवर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि ती मळी आत शिरून पिना झिजवते. म्हणून तेल देण्यापेक्षा पुसण्यातच माझा वेळ जास्त जातो.

आधी कोरडं फडकं. चेनचा खालचा पदर फडक्यात धरून पेडल उलटं फिरवायचं. मूठ दातांपासून लांबच हवी, बोट सापडलं तर जबर दुखापत होते. मग ब्रश रॉकेलमध्ये किंवा डिग्रीझरमध्ये (तेलकट मळी काढणाऱ्या द्रावणात) बुडवून, निथळवून, चेन चारही बाजूंनी घासतो. पेट्रोल अजिबात नको, त्याची वाफ चटकन पेटते. कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर, थेट फवाराही मारत नाही. तो हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बेअरिंगमध्ये उतरला तर तिथलं ग्रीस धुऊन जातं. डिस्क ब्रेक असेल तर रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, प्लॅस्टिकने झाकावा.

डिरेल्युअरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या मागच्या यंत्रणेच्या) दोन छोट्या चाकांवर मळीचं घट्ट कडं जमलेलं असतं. पेडल हळूहळू उलटं फिरवत स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं की ते सोललं जातं. हे राहिलं तर स्वच्छ चेन पहिल्याच फेरीत पुन्हा काळी होते. कॅसेटच्या चकत्यांमधून फडक्याची पट्टी ओढून घ्यायची.

साबणाच्या पाण्याने धुऊन चेन पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची. इथे घाई करू नका. आत पाणी राहिलं तर गंज चढतो, रॉकेल राहिलं तर नवं तेल पातळ होऊन गळतं.

तेल देताना मास्टर लिंकपासून (चेनची टोकं जोडणाऱ्या कडीपासून) सुरुवात करतो, म्हणजे फेरी कुठे पुरी झाली ते कळतं. खालच्या पदराच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एकच थेंब. गिअरच्या सायकलच्या चेनला साधारण ११० ते ११८ कड्या असतात, तेवढेच थेंब पुरतात. मिनिटभर पेडल फिरवून तेल मुरायला ठेवायचं; ड्राय ल्यूब (सुकणारं वंगण) असेल तर रात्रभर, कारण त्यातला द्रावक उडून जावा लागतो. मग कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसायचं, बोटाला चिकट लागेनासं होईपर्यंत. पावसात वेट ल्यूब (ओलसर राहणारं वंगण) टिकतं, धुळीत ड्राय बरं. ग्रीस मात्र इतकं घट्ट असतं की ते फटीत शिरतच नाही.

चेन स्वच्छ आहे तोवर झीजही मोजून घ्या. स्टीलच्या पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवला की नव्या चेनमध्ये १२ इंचावर बरोबर पिनेचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायला झाली. पट्ट्या ताणल्या जात नाहीत, पिना झिजतात आणि प्रत्येक सांध्यातली ढिलाई साचत जाते. अशी चेन तशीच चालवली तर कॅसेटचे दातही झिजतात आणि मग त्यावर नवी चेन उड्या मारते.

एवढं करूनही ठरावीक अंतराने झटका बसत असेल तर एखादी कडी आखडलेली असते. पेडल उलटं फिरवत डिरेल्युअरच्या चाकांकडे बघा. तिथून जाताना ती सरळ न होता कोपर काढून निघते. दोन्ही अंगठ्यांनी ती हलकेच आडवी, उजवी-डावीकडे वाकवायची. सांधा मोकळा झाला की तिथे एक थेंब तेल.