टॅम ओशँटरची जत्रा

रविवारी रात्री उशिरापर्यंत जागून दूरचित्रवाणीवर गोल्फ पाहणे हा माझा एक निरुपद्रवी छंद आहे. या खेळाचा क्लब मी स्वतः कधी हातात धरलेला नाही, त्यामुळे कोणाचा फटका शास्त्रशुद्ध आणि कोणाचा नाही, यावर मी काही बोलत नाही; मला खेळाइतकाच रस वाटतो तो पडद्याच्या कडेला झळकणाऱ्या बक्षिसाच्या आकड्यात. चार दिवस आणि बहात्तर होल खेळून झाल्यावर अखेरच्या ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, हातभर अंतरावरून चेंडू खळग्यात गेला की नाही, यावर लाखो डॉलर इकडचे तिकडे होतात आणि समालोचक ती रक्कम अगदी सहज, हवामान सांगावे तशी सांगून जातो. एकेकाळी मात्र या खेळात पैशाचा विषय असा उघड काढणे असभ्यपणाचे मानले जात असे. तो मुद्दाम, वाजतगाजत काढणारी एक स्पर्धा शिकागोच्या उत्तरेला, नाइल्स गावच्या टॅम ओशँटर क्लबवर भरत असे. १९५७ नंतर ती भरली नाही.

ही स्पर्धा म्हणजे जॉर्ज मे नावाच्या एका गृहस्थांचा कारभार होता. तरुणपणी बायबलच्या प्रती विकणाऱ्या मे यांनी १९२५ मध्ये शिकागोत सल्लागार कंपनी काढली आणि कारखान्यांतील वेळेचा, श्रमांचा व पैशाचा अपव्यय कसा थांबवावा हे कारखानदारांना सांगून भरपूर पैसा मिळवला. दुसऱ्यांना काटकसर शिकवून मिळालेला हा पैसा त्यांनी स्वतः मात्र उधळला. टॅम ओशँटर क्लब ताब्यात घेऊन १९४१ मध्ये त्यांनी तेथे ‘ऑल अमेरिकन ओपन’ सुरू केली आणि १९४६ मध्ये तिच्या जोडीला आणखी एक स्पर्धा उभी करून तिला ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ गोल्फ’ असे नाव दिले. जगातील कोणत्याही मान्यवर संस्थेने हे विश्वविजेतेपद त्यांना बहाल केलेले नव्हते. नाव त्यांनी स्वतःच ठेवले आणि ते शोभावे एवढ्या रकमेचा धनादेश लिहिला. मला हे नाव आजही थोडे पोकळ वाटते, पण धनादेश वटत होता हे मान्य करावे लागते.

आपल्याकडे गावच्या जत्रेत कुस्तीचा फड असतो, शेजारी पाळणे असतात, भेळेची गाडी असते आणि शेवटच्या कुस्तीचे इनाम लाउडस्पीकरवरून पुन्हा पुन्हा पुकारले जाते. टॅम ओशँटरवरचे ऑगस्टमधले दिवस साधारण याच थाटाचे होते. गोल्फ म्हणजे हळू आवाजात बोलणाऱ्या सभ्य सभासदांचा खेळ, ही समजूत मे यांनी फाटकापाशीच उतरवून ठेवली होती. तिकीट स्वस्त ठेवून त्यांनी कामगार कुटुंबांना आत घेतले, अखेरच्या ग्रीनभोवती बसायला मचाणे बांधली, पुरुष आणि स्त्रिया, व्यावसायिक आणि हौशी अशा सर्वांच्या स्पर्धा एकाच मैदानावर लावल्या आणि लोकांना कुतूहल वाटावे म्हणून मुखवटा घातलेला एक गोल्फपटूही मैदानात उतरवला. स्वतः यजमान भडक रंगांचे शर्ट घालून गर्दीत फिरत असत. प्रेक्षकांना खेळाडू ओळखता यावेत म्हणून त्यांच्या पाठीवर नंबर लावण्याची कल्पनाही त्यांचीच. या नंबरांवरून कित्येक व्यावसायिकांनी नाके मुरडली. शर्यतीच्या घोड्याप्रमाणे नंबर मिरवणे त्यांना अपमानास्पद वाटले. मला मात्र यात मे यांचीच बाजू पटते, कारण दोनशे पावलांवरून सगळे गोल्फपटू सारखेच दिसतात. आज खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या कॅडींच्या अंगरख्यावर खेळाडूचे आडनाव ठळक छापलेले असते आणि त्याने कोणाचा अपमान होत नाही.

१९५३ च्या ऑगस्टमध्ये मे यांनी आणखी एक धाडस केले. गोल्फची स्पर्धा अमेरिकाभर थेट दाखवावी, असा त्यांनी एबीसी वाहिनीशी करार केला आणि या प्रक्षेपणासाठी पैसे वाहिनीने त्यांना न देता त्यांनीच वाहिनीला दिले. आजच्या हिशेबाने हे अगदी उलटे वाटेल, पण गोल्फ घरबसल्या कोणी पाहील यावर तेव्हा कोणाचा विश्वास नव्हता. अठराव्या ग्रीनवर कॅमेरा रोखलेला होता. चँडलर हार्पर यांनी शेवटच्या होलला बर्डी करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन, आपला खेळ संपवला होता आणि विजेते म्हणून लोक त्यांचे अभिनंदन करू लागले होते. मागे राहिलेल्या ल्यू वॉर्शॅम यांना नुसती बरोबरी साधायची तरी बर्डी हवी होती. त्यांनी शंभराहून अधिक यार्डांवरून वेज नावाच्या, चेंडू उंच उडवणाऱ्या काठीने चेंडू उचलला. तो ग्रीनच्या पुढच्या भागावर पडला, सरपटत गेला आणि खळग्यात नाहीसा झाला. चार फटक्यांचा होल दोन फटक्यांत संपला आणि स्पर्धा एका फटक्याने वॉर्शॅम यांची झाली. समालोचनासाठी बसलेले, मास्टर्स स्पर्धा तीनदा जिंकलेले जिमी डेमारेट यांच्या तोंडून त्या क्षणी एक ठसठशीत शिवी निघून थेट प्रक्षेपित झाली, असे सांगतात. ज्या खेळाचे समालोचन आजही कुजबुजत्या आवाजात होते, त्याचा दूरचित्रवाणीवरचा देशव्यापी शुभारंभ शिवीने व्हावा, याची मला फार मौज वाटते.

वॉर्शॅम आणि कॅमेरा यांचे काहीतरी पूर्वसंचित असले पाहिजे. १९४७ ची यूएस ओपन सेंट लुईसमध्ये झाली तेव्हा त्या शहरापुरते तिचे प्रक्षेपण झाले होते. त्या वेळी सॅम स्नीड यांच्याशी झालेल्या निर्णायक फेरीत शेवटच्या ग्रीनवर दोघांचे चेंडू खळग्यापासून जेमतेम अडीच फुटांवर होते आणि स्नीड फटका मारण्याच्या पवित्र्यात असताना वॉर्शॅम यांनी आधी कोणी खेळायचे हे ठरवण्यासाठी अंतर मोजायला लावले. मोजणीत पाळी स्नीड यांचीच निघाली. त्यांचा फटका हुकला, वॉर्शॅम यांचा गेला. म्हणजे शहरापुरत्या पडद्यावरही तेच जिंकले आणि देशभराच्या पडद्यावरही तेच.

त्या वेजच्या फटक्याची किंमत पंचवीस हजार डॉलर होती. हा आकडा केवढा होता, हे कळण्यासाठी त्याच वर्षीचे बेन होगन यांचे उदाहरण घ्यावे. १९५३ मध्ये होगन यांनी मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. त्या वर्षीचा श्रेष्ठ गोल्फपटू कोण, याबद्दल तेव्हाही दुमत नव्हते आणि आजही नाही. या तीन विजयांची बक्षिसे अनुक्रमे चार हजार डॉलर, पाच हजार डॉलर आणि पाचशे पौंड, म्हणजे चौदाशे डॉलर. सगळी मिळून वॉर्शॅम यांच्या एका आठवड्याच्या निम्मीसुद्धा भरत नाहीत. वर्षअखेर कमाईच्या यादीत अर्थातच वॉर्शॅम पहिले आले. पुढच्या वर्षी मे यांनी पहिले बक्षीस दुप्पट, म्हणजे पन्नास हजार डॉलर केले, शिवाय विजेत्याला ठिकठिकाणी प्रदर्शनीय सामने खेळून आणखी पैसे मिळतील असा करारही जोडला. ते बक्षीस शरीराने अगदी किरकोळ असलेल्या बॉब टॉस्की यांनी पटकावले. त्यांची त्या वर्षीची एकूण अधिकृत कमाई ६५,८१९ डॉलर होती, म्हणजे त्यातला तीन चतुर्थांश वाटा एकट्या टॅम ओशँटरचा होता. १९५२ पासून १९५७ पर्यंत बोरोस, वॉर्शॅम, टॉस्की, पुन्हा बोरोस, क्रोल आणि मेयर असे जे ओळीने मे यांच्या मैदानावर जिंकले, तेच त्या त्या वर्षी कमाईत पहिले आले. बाकीचे संपूर्ण वर्ष म्हणजे जणू या एका आठवड्याची पुरवणी झाली होती. मे यांच्यावरचा माझा आक्षेप एवढाच आहे आणि तो मला मुखवट्यापेक्षा व नंबरांपेक्षा गंभीर वाटतो: एकाच दिवसाचे नशीब वर्षभराच्या खेळावर इतके भारी पडू नये.

एक गोष्ट मात्र त्यांच्या खात्यावर ठळकपणे जमा करावी लागेल. अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेने सभासदत्व गोऱ्यांपुरते राखणारे कलम १९३४ मध्ये आपल्या घटनेत घातले होते आणि ते १९६१ पर्यंत तसेच राहिले. या काळात कृष्णवर्णीय गोल्फपटूंना बहुतेक मोठ्या स्पर्धांचे दरवाजे बंद असताना मे यांनी आपले दार चाळीसच्या दशकातच उघडे केले. टेड रोड्स तेथे खेळले, हौशी खेळाडूंत मुष्टियुद्धाचा विश्वविजेता जो लुई खेळला आणि १९४७ मध्ये अ‍ॅन ग्रेगरी यांना मे यांनी निमंत्रण दिले. यात तत्त्वनिष्ठा किती आणि जो लुईला पाहायला येणाऱ्या गर्दीचा हिशेब किती, असा प्रश्न कोणी विचारेल. माझ्या मते ज्याला खेळायला मिळाले, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न दुय्यम होता.

संघटनेशी मे यांचे खटके उडत राहिले आणि १९५७ च्या स्पर्धेनंतर त्यांनी सारा पसारा एकदम आवरला. १९६२ मध्ये ते वारले. १९६४ आणि १९६५ मध्ये तेथे वेस्टर्न ओपन झाली, पण पुढे बरीचशी जमीन उद्योगांसाठी विकली गेली आणि आता त्या नावाचे नऊ होलचे सार्वजनिक मैदान तेवढे उरले आहे. मे यांचे बक्षीस नाहीसे झाल्यावर, म्हणजे १९५८ मध्ये, कमाईच्या यादीत आर्नोल्ड पामर पहिले आले. त्या वर्षी त्यांनी मास्टर्स जिंकली होती, देशभर हिंडून ते स्पर्धामागून स्पर्धा खेळले होते, आणि वर्षअखेर त्यांच्या नावावर ४२,६०७ डॉलर जमा होते, म्हणजे मे यांच्या एका आठवड्याच्या पहिल्या बक्षिसापेक्षा ७,३९३ डॉलर कमी.