बेदाण्याचं द्रावण का फाटतं?

निफाड-दिंडोरीकडे एप्रिलमध्ये थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाचा उरलेला माल बेदाण्याला जातो. रंग बिघडला की दोष उन्हाला दिला जातो. खरं तर पुष्कळदा चूक वाळवण्याआधी द्राक्षं ज्या द्रावणात बुडवतात, त्याच्या टाकीतच झालेली असते.

१०० लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर इथाइल ओलिएट, म्हणजेच आपलं डिपिंग ऑइल, हे नेहमीचं प्रमाण. आधी थोड्या पाण्यात कार्बोनेट पूर्ण विरघळवा. मग ढवळत ढवळत तेल बारीक धारेनं सोडा. दुधासारखं पांढरं झालं की उरलेलं पाणी घाला. उलट क्रमानं केलं की तेल वर तरंगतं आणि काही मण्यांना जास्त लागतं, काहींना लागतच नाही.

मण्यावरच्या मेणाच्या पापुद्र्यातून पाणी बाहेर पडायला हे द्रावण वाट करून देतं. म्हणून दोन ते चार मिनिटं बुडवणं पुरेसं असतं. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ११ च्या आसपास हवा. फुटलेल्या मण्यांचा आंबट रस मिसळत गेला की सामू उतरतो आणि द्रावण फाटतं, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं होतं. त्यामुळे दर थोड्या क्रेटनंतर सामूपट्टीनं तपासा, उतरला तर कार्बोनेट घाला. फुटके मणी आधीच काढले तर हा त्रास निम्मा होतो.

साखर २२ ब्रिक्सच्या (रसात साधारण २२ टक्के साखर) खाली असताना घड तोडू नका, बेदाणा हलका आणि सुरकुतलेला निघतो. वाळवण सावलीत, जाळीवर, हवा खेळती ठेवून करा. ओलावा १५-१६ टक्क्यांवर आला की उतरवा.