खोटं बोलणारा परवडला

कोर्टात स्टेनो म्हणून साक्षी टाइप करता करता माझं एक मत पक्कं झालंय: खोटं बोलणारा साक्षीदार परवडला. उलटतपासणीत तो कुठेतरी अडखळतोच. पंचाईत करतो तो प्रामाणिक माणूस. शपथेवर, छातीठोकपणे, न घडलेलं सांगतो, आणि त्याला ते खरंच दिसत असतं. वकील त्याचं काय उघडं पाडणार? त्याने काही लपवलेलंच नसतं.

अमेरिकेतलं रोनाल्ड कॉटनचं प्रकरण म्हणूनच माझ्या डोक्यातून जात नाही. १९८४ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या बर्लिंग्टनमध्ये जेनिफर थॉम्प्सन या विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. वाचलेच तर याला ओळखता आलं पाहिजे, म्हणून तिने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम निरखून ठेवला होता. पोलिसांनी फोटो दाखवले, काही मिनिटं पाहून तिने कॉटनचा निवडला. मग ओळख परेड. फोटोंमध्येही होता आणि रांगेतही आहे, असा माणूस एकटा कॉटनच. तिने त्याला ओळखलं, आणि फोटोही याचाच निवडला होतास, असं वर तिला सांगण्यात आलं. झालं! त्यानंतर तिच्या आठवणीतल्या हल्लेखोराला कॉटनचाच चेहरा होता. १९८७च्या फेरसुनावणीत खरा गुन्हेगार बॉबी पूल तिच्यासमोर आणला, तर याला मी कधी पाहिलेलंच नाही, असं ती म्हणाली. १९९५मध्ये डीएनए चाचणीमुळे कॉटन सुटला, दहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढून.

यात ती खोटं कुठे बोलली? आठवण काचेसारखी असते, जो हाताळेल त्याचे ठसे तिच्यावर उमटतात. म्हणून परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊक नसावं आणि साक्षीदाराची खात्री त्याच्याच शब्दांत तिथल्या तिथे नोंदवावी, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१४च्या अहवालात केली. त्या पहिल्या वेळच्या खात्रीला काहीतरी किंमत आहे. खटला उभा राहीपर्यंत ‘वाटतं’चं ‘शंभर टक्के’ झालेलं असतं. आणि चौघे एकच सांगतात म्हणजे खरं, हेही मला पटेनासं झालंय. चौघे सकाळपासून बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेले असतात, बोलणार नाहीत तर काय करणार!

बरं, लिहून ठेवलं की प्रश्न मिटला, असंही नाही. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यान कोसळलं. बातमी कुठे, कोणाकडून कळली, हे मानसशास्त्रज्ञ उलरिक नाइसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं, तर अनेकांची हकीकत साफ बदललेली. मग त्यांना त्यांच्याच अक्षरातला कागद दाखवला. चुकीचं सांगणाऱ्यांपैकी एकालाही तो वाचून जुनी हकीकत आठवली नाही.

आमच्या घरात हे रोजचंच आहे. बाबा जिन्यावरून पडले तेव्हा त्यांना दवाखान्यात कोणी नेलं, यावर दादाचं आणि माझं कधी एकमत होत नाही. तो म्हणतो, ‘‘मी तसाच अनवाणी धावलो, तू घरात तरी होतीस का?’’ मला तर अनवाणी पायांना पोळणारी फरशी आठवते, बाबांच्या सुटलेल्या घड्याळाचा पट्टा मुठीत होता तोही आठवतो. परवा जुन्या फायलीत केसपेपर सापडला. वेळ रात्री साडेनऊची. सोबत आलेल्याच्या रकान्यात शेजारच्या काकांचं नाव.

रात्री साडेनऊला फरशी कशी पोळेल, हे मला कळतं. दादाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ‘‘काकांनी सही केली असेल गं. नेलं मीच.’’