वासरू फोडण्याआधी

नाशिकच्या शरणपूर भागातील एका परिचितांच्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दहाबारा जण प्रार्थनेसाठी जमतो. आधी एक अध्याय वाचायचा, मग विनंत्या सांगायच्या आणि शेवटी आळीपाळीने प्रार्थना करायची, असा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. गेल्या महिन्यात सिंहस्थाच्या तयारीचा विषय निघाला आणि एका भगिनीने शहरासाठी प्रार्थना केली: हे नगर मूर्तींनी भरले आहे, प्रभू, त्यांचे डोळे उघड, त्यांना त्यांच्या पापाची जाणीव करून दे. तिच्या मनात द्वेष नव्हता, हे मी तिला अनेक वर्षे ओळखत असल्यामुळे खात्रीने सांगू शकतो. तरीही त्या प्रार्थनेला 'आमेन' म्हणणे मला जमले नाही, कारण अर्ध्या तासापूर्वीच आम्ही बायबलमधील 'निर्गम' या पुस्तकाचा ३२ वा अध्याय वाचला होता.

मोशे डोंगरावर असताना इस्राएली लोकांनी पूजेसाठी घडवलेल्या सोन्याच्या वासराची ही कथा आपल्याला साधारणपणे एकाच चित्रातून आठवते: त्यांचा पुढारी मोशे संतप्त होऊन डोंगरावरून उतरतो आणि देवाच्या आज्ञा कोरलेल्या पाट्या आपटून फोडतो. मूळ अध्यायातील क्रम मात्र वेगळा आहे. मोशे अजून डोंगरावरच असतो, त्याने वासरू पाहिलेलेही नसते, आणि खाली काय चालले आहे हे परमेश्वरच त्याला सांगतो. 'तुझे लोक, ज्यांना तू मिसर देशातून आणलेस, ते बिघडले आहेत. आता मला अडवू नकोस, मी त्यांना भस्म करतो आणि तुझेच मोठे राष्ट्र करतो,' असा त्या बोलण्याचा आशय आहे. मोशेचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. तो म्हणतो, हे तुझे लोक आहेत, आणि यांना मिसरातून तू आणलेस. देवाने 'तुझे' म्हणून त्याच्याकडे सरकवलेले लोक तो 'तुझे' म्हणूनच परत करतो. लोक निर्दोष आहेत असा दावा तो एका शब्दानेही करत नाही. मिसरी लोक काय म्हणतील आणि अब्राहाम, इसहाक व इस्राएल यांना दिलेल्या वचनाचे काय, एवढेच तो विचारतो. ताल्मूद या यहुदी धर्मग्रंथाच्या बराखोत या भागात या प्रसंगावर एक धीट भाष्य आहे: एखाद्याने आपल्या सोबत्याचे वस्त्र पकडून ठेवावे, तसे मोशेने देवाला धरून ठेवले आणि क्षमा मिळेपर्यंत सोडणार नाही, असे म्हटले.

यानंतर तो खाली उतरतो. पाट्या फुटतात, वासरू जाळून त्याची पूड केली जाते आणि लेव्यांच्या, म्हणजे लेवी वंशातील लोकांच्या, तलवारीने सुमारे ३,००० माणसे मरतात. हा शेवटचा भाग मला आजही सहज वाचवत नाही, आणि त्याचे समर्थन करण्याची माझी इच्छा नाही. परंतु दुसऱ्या दिवशी मोशे पुन्हा डोंगरावर जातो आणि त्यांच्या पापाची क्षमा कर, नाहीतर तू लिहिलेल्या पुस्तकातून माझे नाव पुसून टाक, असे म्हणतो. बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात तो आठवण सांगतो, की ४० दिवस व ४० रात्री आपण पालथे पडून होतो आणि ज्या अहरोनाने, म्हणजे आपल्या भावाने, वासरू घडवले, त्याच्यासाठीही आपण विनवणी केली. म्हणजे मूर्ती फोडणारा हात तोच आहे, पण फोडण्याआधी आणि फोडल्यानंतरही तो माणूस त्या लोकांसाठी देवापुढे उभा आहे.

मध्यस्थीसाठी, म्हणजे इतरांसाठी देवापुढे विनवणी करण्यासाठी, हिब्रू शास्त्रात जी क्रियापदे येतात, त्यांपैकी 'पागा' हे मला विशेष जवळचे वाटते. त्याचा मूळ अर्थ भेटणे, समोर येऊन ठेपणे असा आहे, आणि हल्ला करणे या अर्थीही ते येते. आपल्या मराठीतील 'गाठणे' त्याच्या बरेच जवळ जाईल. आपण माणसाला भेटण्यासाठी गाठतो आणि जाब विचारण्यासाठीही गाठतो.

लहानपणी शाळेत जाताना मी जुन्या नाशकातील तांबट आळीतून जात असे. तांब्याच्या पत्र्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा तो ठोका कानात बसलेला असल्यामुळे असेल, पण पितळी सर्पाची कथा वाचताना मला नेहमी आधी आवाज ऐकू येतो. 'गणना' या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात सर्पदंशाने लोक मरू लागतात, ते मोशेला प्रार्थना करण्यास सांगतात, तो प्रार्थना करतो, आणि उत्तर म्हणून त्याला सर्प घडवण्याची आज्ञा होते. 'नाहाश' म्हणजे सर्प आणि 'नेहोशेत' म्हणजे तांबे किंवा कासे, त्यामुळे मूळ भाषेत या कथेला शब्दांचाच एक नाद आहे. इस्राएलच्या दक्षिणेस तिम्ना येथे तांब्याच्या प्राचीन खाणींजवळच्या एका देवस्थानात सोनेरी मस्तकाचा तांब्याचा छोटा सर्प सापडला आहे. तो मोशेचा नव्हे, पण त्या प्रदेशात अशी वस्तू घडत होती, हे त्यावरून कळते. पुढे शतके लोटली आणि त्या सर्पापुढे लोक धूप जाळू लागले. इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरीस यहूदाच्या हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. मध्यस्थीला मिळालेले उत्तरच मूर्ती होऊन बसले होते, ही गोष्ट आम्हा प्रार्थना करणाऱ्यांना मी अधिक वेळा वाचून दाखवायला हवी होती.

याच हिज्कीयाची दुसरी एक कथा 'दुसरा इतिहास' या पुस्तकाच्या ३० व्या अध्यायात आहे. उत्तरेकडील एफ्राइम, मनश्शे, इस्साखार व जबुलून येथील पुष्कळ लोक वल्हांडण या सणासाठी यरुशलेमेस आले. यराबाम राजाने ज्या राज्यात सोन्याची वासरे उभी केली होती, तेथलेच हे लोक. त्यांनी स्वतःला शुद्ध करून घेतले नव्हते आणि विधी मोडून भोजन केले. सर्प फोडणारा राजा त्यांना बाहेर काढत नाही. ज्यांनी देवाला शोधण्याकडे मन लावले आहे, त्या प्रत्येकाला, तो पवित्रस्थानाच्या नियमाप्रमाणे शुद्ध नसला तरी, क्षमा कर, अशी तो प्रार्थना करतो, आणि लोक बरे होतात.

यिर्मया संदेष्ट्याला तर मध्यस्थी करण्याची मनाई झाली होती, तीही तीनदा. मुले लाकडे गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका आकाशराणी या देवतेसाठी पोळ्या करण्यास कणीक मळतात, असे घराघरांतील वर्णन त्याच्या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात आहे, आणि अशा लोकांसाठी विनवणी करू नकोस, असे त्याला स्पष्ट सांगितले आहे. १४ व्या अध्यायात अवर्षण पडले आहे, हौद कोरडे आहेत, हरिणी आपले पाडस टाकून जात आहे. मनाई तेथे पुन्हा होते, आणि तरी काही ओळींनंतर यिर्मया बोलू लागतो. राष्ट्रांच्या निरर्थक मूर्तींपैकी कोणी पाऊस पाडू शकते काय, हा प्रश्न त्याच प्रार्थनेत आहे. परंतु त्याआधी त्याने आमची दुष्टता आम्ही कबूल करतो, असे म्हटले आहे. आकाशराणीसाठी त्याने स्वतः कधी कणीक मळली नव्हती. तरी शब्द 'आम्ही' आहे.

मागच्या शुक्रवारी मी हाच १४ वा अध्याय वाचण्यास सुचवला. विनंत्यांच्या वेळी मी २००३ च्या सिंहस्थातील चेंगराचेंगरीची आठवण दिली आणि येणाऱ्या गर्दीतील प्रत्येक माणूस सुखरूप घरी जावा, अशी विनंती मांडली. प्रार्थना त्या भगिनीनेच केली. तिने गोदावरीच्या पाण्यासाठी, रामकुंडावर गर्दीत उभ्या राहणाऱ्या पोलिसांसाठी आणि पायी येणाऱ्या वृद्धांसाठी मागितले, मग क्षणभर थांबून ती म्हणाली, 'प्रभू, आमच्या या नगराला क्षमा कर.' या वेळी माझे 'आमेन' सर्वांच्या आधी निघाले.