वालपाराइसोची ट्रॉलीबस

चिलीतल्या वालपाराइसो बंदरात बोट लागली आणि नाश्ता आटोपतो न आटोपतो तोच निम्मे प्रवासी विन्या देल मारच्या किनाऱ्याकडे, नाहीतर जवळच्याच कासाब्लांका खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांकडे निघून गेले. बोटीवर या शहराबद्दल जे काही सांगितलं, ते बहुतेक पाकीटमारांविषयीच. मला हे अजिबात पटत नाही. ज्या गावात उतरलो, ते आधी बघू नये का?

आम्ही दोघं एल पेरालमधून टेकडीवर गेलो. रुळांवरून तिरपा चढणारा हा डबा तारदोरानं ओढला जातो. अशा डब्यांत सगळ्यात जुना कोन्सेप्सिओन, १८८३ सालचा. वर पत्र्याची रंगीत घरं, भिंतीभिंतीवर चित्रं आणि जिकडेतिकडे फोटो काढणारे आमच्यासारखेच लोक. सुंदर आहे, पण गर्दीनं जीव नकोसा झाला.

मन रमलं ते खाली, सपाटीवर, ट्रॉलीबसमध्ये, म्हणजे टपावरच्या दांड्यांनी वरच्या तारांतून वीज घेत रस्त्यावर चालणाऱ्या बसमध्ये. १९४०च्या दशकात अमेरिकेत बनलेल्या पुलमन गाड्या इथे अजून प्रवासी नेतात. २००३ साली त्यांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. एका वळणावर आमच्या गाडीचा दांडा तारेवरून निसटला आणि गाडी गप्पकन थांबली. ड्रायव्हर हातमोजे चढवून उतरला, मागची दोरी ताणून दांडा खाली घेतला आणि मान वर करून तार शोधू लागला. एक शाळकरी पोरगा मागच्या काचेला नाक लावून त्याला हातानं खुणा करत होता, इकडे, अजून इकडे! भाजीची पिशवी मांडीवर घेतलेल्या आजी जागच्या हलल्या नाहीत. बारीकशी ठिणगी उडाली आणि गाडी पुन्हा गुणगुणायला लागली.

मला भरून आलं. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये गेली. बेस्टची ट्रॉलीबस १९६२ मध्ये आली आणि १९७१ मध्ये बंदही झाली. ट्रामचा विषय निघाला की बाबा थांबत नसत, आणि मला दाखवायला मात्र काहीच उरलं नव्हतं. १९१४ मध्ये पनामा कालवा सुरू झाला, जहाजांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालणारी हॉर्न भूशिराची वाट सोडली, इथला पैसा आटला, म्हणून जुनं टिकलं असं कोणी म्हणेल. पण नुसत्या गरिबीनं गाड्या चालत नाहीत. तारा सांभाळणारी, सुटे भाग जुळवणारी माणसं लागतात.

तुमची बोट तिथे थांबली तर द्राक्षमळे राहू द्या. आवेनिदा आर्जेन्तिना या रस्त्यापासून आदुआनापर्यंत, म्हणजे कस्टम हाऊसपर्यंत, ट्रॉलीबसनं जा, आणि मागच्या काचेजवळ बसा.