तपकिरी शेवाळातील अल्जिनेट आणि कॅल्शियमची पकड

महाविद्यालयात पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा, पाठ आला की मी सोडियम अल्जिनेट या शेवाळातून मिळणाऱ्या पदार्थाचे पातळ द्रावण कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडून दाखवते. थेंब पाण्यात पडताच त्याभोवती पारदर्शक कवच धरते आणि बोटांत दाबता येईल अशी गोळी तयार होते. सरगॅसमसारख्या तपकिरी समुद्री शेवाळाच्या पेशीभित्तिकेत अल्जिनेट असते आणि त्यामुळेच लाटांचा मारा सोसूनही शेवाळ लवचिक राहते. ते प्रथम वेगळे केले स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने, 1881 च्या सुमारास.

अल्जिनेटची साखळी मॅन्युरॉनिक आणि ग्युलुरॉनिक या दोन आम्लांच्या घटकांची असते. ग्युलुरॉनिक घटक सलग आलेल्या भागांत कॅल्शियमचे आयन (विद्युतभारित कण) नेमके बसतात आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतात, त्यातूनच पाणी धरून ठेवणारे जेल बनते. म्हणूनच ग्युलुरॉनिकचे प्रमाण जास्त असेल तर जेल कडक होते, मॅन्युरॉनिक जास्त असेल तर मऊ. शेवाळाची जात बदलली की हे प्रमाणही बदलते, त्यामुळे कारखान्याला कोणतेही शेवाळ चालत नाही.

दातांचे माप घेण्याच्या भुकटीत अल्जिनेटबरोबर कॅल्शियम सल्फेट असते. पाणी घालताच ते लगेच घट्ट होऊ नये म्हणून त्यात फॉस्फेटही मिसळतात. आधी फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेते आणि फॉस्फेट संपले की मगच जेल धरते, म्हणजे दंतवैद्याला मिश्रण घोटून ट्रे तोंडात बसवण्याइतका अवधी मिळतो. दुसऱ्या महायुद्धात जपानी अगारचा (शेवाळापासूनच मिळणाऱ्या दुसऱ्या जेलद्रव्याचा) पुरवठा तुटला, तेव्हा या कामासाठी अल्जिनेटचा वापर झपाट्याने वाढला.

जखमेच्या पट्टीत हीच क्रिया उलट दिशेने होते. कॅल्शियम अल्जिनेटचे तंतू जखमेतून झिरपणारा स्राव शोषतात, त्यातील सोडियमशी कॅल्शियमची अदलाबदल होते आणि तंतूंचे ओलसर जेल बनते. ही पट्टी भरपूर स्राव असलेल्या जखमेसाठी आहे, कोरड्या जखमेवर ती लावू नये.

याच शेवाळातील फ्यूकोइडान हे सल्फेटयुक्त द्रव्य प्रयोगशाळेत हेपारिन या औषधाप्रमाणे रक्त गोठण्याला अटकाव करते, म्हणून रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी त्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगते.

सरगॅसम आपल्या कोकणच्या खडकांवरही वाढते. ते काढायचेच असेल तर खडकाला धरून असलेला बुडखा शाबूत ठेवून वरचा भाग कापावा, कारण नवी वाढ त्या बुडख्यातूनच होते आणि त्या झुडपांत माशांची पिल्ले आसरा घेतात.